पुलाखालून आलेला शब्द

लिहिणे हे माझे काम नव्हे, हे आधीच कबूल करतो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी लॉगबुके, मागणीपत्रे आणि रजेचे अर्ज एवढेच लिहिले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी वाचकांचा वेळ घेण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारले तर माझ्याजवळ उत्तर नाही. या मजकुरासाठी चार वेळा खुर्चीत बसलो आणि चारही वेळा उठून अंगणात फेऱ्या घालत राहिलो. तरीही क्षमा मागून लिहितो. एका लॉगबुकातली एक ओळ चुकीची आहे, ती माझ्या हाताची आहे, आणि ती दुरुस्त करायला दुसरी जागा आता उरलेली नाही.

मी सैन्याच्या एका इंजिनिअर रेजिमेंटमध्ये नायब सुभेदार होतो. पूल बांधणे, पूल उचलणे आणि वेळ आली तर पूल उडवणे हे आमचे काम. डिसेंबरात हुकूम आला की एक ट्रूप यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात न्यायचा आहे. तिथे नाल्यावरच्या जुन्या रस्तापुलाचा मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, खचला होता. स्लॅबमधून सळ्या बाहेर आल्या होत्या आणि वाहतूक थांबवली होती. हंगाम ऐन कापसाचा. माझा जिल्हा त्या वर्षांत रोज वर्तमानपत्रांत येत असे आणि कोणत्याही कारणाने आला तरी वाचवत नसे. मी त्याच जिल्ह्याचा आहे हे ट्रूपमध्ये फार थोड्यांना ठाऊक होते. मी स्वतःहून कधी सांगितले नव्हते.

काम समजायला सोपे आहे. जुना स्लॅब तोडून नवा ओतायला बांधकाम विभागाला तीन-चार महिने हवे होते. तोवर रस्ता बंद ठेवणे शक्य नव्हते. म्हणून खचलेल्या गाळ्यावरून आमचा लोखंडी पॅनेलचा पूल टाकायचा, त्याची दोन्ही टोके शेजारच्या धडधाकट गाळ्यांवर, बरोबर दगडी खांबांच्या माथ्यावर टेकवायची आणि त्यावरून गाड्या सोडायच्या. कंत्राटदाराची माणसे त्या पुलाच्या पोटाखाली जुना स्लॅब फोडणार आणि नवा ओतणार. आमचा पूल तात्पुरता. तो निघून गेल्यावर त्याची खूणही राहत नाही, आणि ती राहू नये अशीच त्याची रचना असते.

असा पूल एका काठावर जोडतात आणि रोलरवरून पलीकडे ढकलतात. पलीकडे पोचला की टोकाखाली जॅक लावून तो वर उचलतात, रोलर काढतात आणि इंचाइंचाने कायमच्या बैठकीवर उतरवतात. उतरवताना लोखंडाखाली लाकडी ठोकळे असतात. त्यांना आम्ही पॅकिंग म्हणतो. जॅक निसटला तर पूल पॅकिंगवर टेकतो, माणसावर पडत नाही. पूल जसा उतरेल तसा एकेक ठोकळा काढायचा. शेवटचा ठोकळा निघाला की आधार फक्त जॅकचा. त्या क्षणी पुलाखाली कोणी असता कामा नये. या कामातला हा एकच नियम असा आहे की तो कागदावर नसला तरी चालेल.

लान्स नाईक विलास राठोड हा माझ्या पॅकिंग पार्टीचा प्रमुख. वय एकोणतीस. घर फुलसावंगीजवळच्या तांड्यावर, म्हणजे याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. मी जे लपवत असे ते तो मिरवत असे. सगळ्या ट्रूपला त्याने ‘का’साठी ‘काहून’ आणि ‘कशाला’साठी ‘कायले’ शिकवले होते. साताऱ्याचे हवालदार शिंदे जॅकवर उभे राहून ‘कायले थांबला बे?’ असे ओरडत आणि सगळे हसत.

मी हसत नसे. माझे वडील छप्पन साली दीक्षा घेतलेल्या पिढीतले. यवतमाळला कचेरीत कारकून होते. आम्ही भावंडे ‘मले’ म्हणालो की ते हातातले काम ठेवून म्हणत, “मला. परत म्हण.” त्यांना मी दोष देत नाही. कचेरीत त्यांच्या तोंडाकडे टपून बसलेले लोक मी पाहिले आहेत. पण त्यामुळे माझ्या कानाला एक सवय लागली. कोणी वऱ्हाडी बोलले की मी मनात ते दुरुस्त करून घेत असे.

मागच्याच वर्षी एका सरावात वायरलेस सेटवर घोटाळा झाला होता. वाहतूक पार्टी रस्ता मोकळा झाला की ‘क्लिअर’ म्हणे आणि पॅकिंग पार्टीही पुलाखालून बाहेर आली की ‘क्लिअर’च म्हणे. कोणाचे क्लिअर ते कळेना. तेव्हा मी नियम केला. पुलाखाली जाणाऱ्याने सेटवर दोनच शब्द बोलायचे, ‘आत’ आणि ‘निघालो’. मी ते कार्डावर सुवाच्य अक्षरांत लिहून सेटला चिकटवले.

राठोड कार्ड वाचून म्हणाला, “साहेब, मी तं ‘निघून राह्यलो’ म्हनतो. अन् बाहेर आलो का ‘आलो’ म्हनतो. त्यानं काय बिघडते?”

“सेटवर लांबण लावायची नाही. एक शब्द. आणि शुद्ध.”

“पन साहेब, निघालो म्हंजे कुठं? आमच्या फाट्यावरचा कंडक्टर घंटाभर ‘निघालो, निघालो’ करते. अन् गाडी तथीच!”

सगळे हसले. मीही किंचित हसलो असेन. मग म्हणालो, “तू कंडक्टर नाहीस, राठोड.”

“नाई साहेब. निघालो तं निघालो.”

त्याने टाचा जुळवल्या. त्या दिवसापासून तो सेटवर ‘निघालो’ म्हणू लागला. माझा नियम चांगला चालला, असे मला वर्षभर वाटत राहिले.

राळेगावच्या कामाचे पहिले चार दिवस नेमाने गेले. सहाला फॉल-इन, साडेसहाला काम, एक वाजता जेवण, सहाला काम बंद. पाचव्या दिवशी दुपारपर्यंत पूल पलीकडे पोचला. तोवर अलीकडच्या रस्त्यावर रांग लागली होती. ट्रक, मेटॅडोर, ट्रॅक्टर, आणि कापसाने डोंगरासारख्या भरलेल्या बैलगाड्या. दुसऱ्या रस्त्याने फार मोठा वळसा पडत होता, आणि बैल तो वळसा घेऊ शकत नव्हते. त्यात आवई उठली की कापूस संकलन केंद्र शनिवारी बंद होणार. खरी की खोटी, कोणाला माहीत नव्हते. दिवस शुक्रवार होता.

एक गाडीवान म्हातारा दर अर्ध्या तासाने माझ्यापाशी येई. डोक्याला उपरणे, हातात बैल हाकायची तुतारी.

“किती टाइम लागन, साहेब?”

“काका, संध्याकाळपर्यंत पूल बसेल. गाड्या उद्या सकाळी सात वाजता सोडू.”

“कालबी तुमी सकाळच म्हनलं होतं.”

“काल मी नव्हतो म्हणालो.”

“कोनतरी म्हनलं होतं. वर्दी तं हेच होती.”

 मी पुलाच्या तोंडापासून जनरेटरपर्यंत येरझाऱ्या घालत होतो. सत्तर पावले जायची, सत्तर यायची. ट्रकवाले कारण नसताना हॉर्न देत होते. आमचे ट्रूप कमांडर कॅप्टन साहेब तरुण होते, हिंदी मुलखातले होते, आणि त्यांना बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा फोन दर तासाला येत होता. ते मला फक्त एवढेच विचारत, “टाइम?” मी घड्याळ पाहून सांगत असे. दिवसभरात मी घड्याळ किती वेळा पाहिले, देव जाणे.

जेवणाच्या वेळी राठोड माझ्याकडे आला होता.

“साहेब, पूल बसला का मले एक दिवस देता? सकाळच्या एस.टी.नं जातो, दुसऱ्या दिवशी वापस. याडीच्या हातची भाकर खाऊन येतो.”

याडी म्हणजे आई. मी म्हणालो, “बघू.”

“बघू म्हंजे हो का नाई? तुमचा बघू म्हंजे आमच्या कंडक्टरचा निघालो हाय.”

“हो. जा. पण आधी पूल बसव.”

अलीकडचे टोक १४३० ला, म्हणजे दुपारी अडीचला, बैठकीवर बसले. मग आम्ही पलीकडच्या टोकाकडे वळलो. मी अलीकडच्या काठावर, हातात सेट आणि लॉगबुक. दोन्ही टोकांची पातळी एकाच माणसाने जुळवायची असते, म्हणून माझी जागा तीच होती. पलीकडे हवालदार शिंदे आणि जॅकवरचे चार जवान, गर्डरच्या बाहेरच्या बाजूंना. माझी एक लांब शिट्टी म्हणजे जॅक खाली. दोन आखूड म्हणजे थांबा. गर्डरच्या आतल्या बाजूला, टोकाच्या आडव्या तुळईखाली काय आहे, हे मलाही दिसत नव्हते आणि त्यांनाही दिसत नव्हते. तेवढ्यासाठीच राठोडच्या छातीवर सेट होता.

ठोकळे बाहेरूनच आकड्याने ओढून काढायचे असतात. तीन थर तसेच निघाले. शेवटच्या थरातला एक ठोकळा नाल्यात पडून भिजलेला होता. तो फुगून अडकला. आकड्याने निघेना.

१५३१ ला सेट वाजला. “साहेब, हा लेकाचा निघत नाई. हातोडी घेऊन जा लागते.”

“जा. सांभाळून.”

“आत.”

मी लॉगबुकात लिहिले: १५३२. राठोड आत.

हातोडीचे ठोके सेटवर ऐकू येत होते. पाच, सहा, मग थांबणे, मग पुन्हा. रांगेतल्या एका ट्रकने हॉर्न दाबून धरला. त्याला दुसऱ्याने साथ दिली. कॅप्टन साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“टाइम?”

“पंद्रह चालीस, सर.”

त्याच वेळी सेट बोलला. “ठोकळा निघाला, साहेब. निघालो.”

“क्या बोला?” कॅप्टन साहेबांनी विचारले.

“क्लिअर, सर.”

मी शिट्टी दिली. एक, लांब.

जॅक एकेक दात उतरत होते. डाव्या बाजूच्या जॅकखालचे लाकूड ओले होते. तिसऱ्या की चौथ्या दाताला जॅक कलला आणि निसटला. पलीकडचे टोक एकदम खाली बसले. नऊ इंच असेल. बाहेर सगळे असते, तर तो फक्त एक मोठा आवाज ठरला असता. शिंदे म्हणाले असते, “कायले घाबरला बे?”, आणि आम्ही पुन्हा जॅक लावले असते.

मी सेटवर म्हणालो, “राठोड, ठीक आहे ना? ओव्हर.”

त्याच्या सेटचे बटण दाबलेलेच होते. हॉर्नचे आवाज त्यातून मला परत ऐकू येत होते.

टोक पुन्हा उचलायला अकरा मिनिटे लागली. राठोड पोटावर पालथा होता. तोंड बाहेरच्या दिशेला होते. एक हात तुळईच्या बाहेर आलेला होता आणि त्या हातात हातोडी होती. रुग्णालयात नेण्याआधीच तो गेला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. तरीही आम्ही त्याला धावत नेले.

उरलेले काम त्याच संध्याकाळी पूर्ण झाले. कॅप्टन साहेबांनी हुकूम दिला आणि आम्ही पाळला. दुसऱ्या दिवशी सात वाजता रस्ता उघडला. पहिली गाडी त्या म्हाताऱ्याची होती. ती पुलावर आली तेव्हा बैलांच्या घंटा वाजल्या नाहीत. जवळ आल्यावर दिसले, त्याने प्रत्येक घंटेत कापूस कोंबला होता.  मागच्या गाड्यांच्या घंटाही वाजल्या नाहीत. त्या सकाळी एकाही ट्रकने हॉर्न दिला नाही. आदल्या दिवशी का दिला, असे ओरडून विचारावेसे मला वाटले. 

चौकशी झाली. तीन अधिकारी होते. माझे लॉगबुक टेबलावर होते. त्यात स्वच्छ अक्षरांत होते: १५४०. राठोड क्लिअर. मला विचारण्यात आले, “तो बाहेर आल्याचे त्याने कळवले होते?” मी म्हणालो, “होय, साहेब.” तेव्हा मला ते खरेच वाटत होते. निष्कर्ष लिहिला गेला की बाहेर आल्याचे कळवल्यानंतर लान्स नाईक राठोड स्वतःहून, विनापरवानगी, पुन्हा आत गेला. कदाचित हातोडी आणायला. माझ्या अंगावर काही आले नाही.

त्याचे सामान पोचवायला मीच गेलो. त्याची पत्नी सुनीता दारात उभी होती, मागे आई बाजेवर बसलेली. चौकशीचा कागद तांड्यावर माझ्या आधी पोचला होता आणि कोणीतरी वाचून दाखवला होता.

सुनीताने एकच विचारले. “साहेब, ते बाहेर निघालते ना? मंग वापस काहून गेले?”

मी म्हणालो, “माहीत नाही.”

“लोक म्हनून राह्यले, हातोडीसाठी गेला. एका हातोडीसाठी कोनी जाते का?”

मी पेटी खाली ठेवली आणि सही घेतली. निघताना ती म्हणाली, “मागच्या सुट्टीच्या वक्ती त्याहीनं फोन केला. म्हने, निघालो. म्या म्हटलं, हे काय नवंच? तुमी तं निघून राह्यलो म्हनता. तं म्हने, साहेबानं शिकवलं. म्या म्हटलं, बरं, पोचले कुठं? तं म्हने, अजून बॅरकीतच हाओ, बूट घालून राह्यलो.” ती थोडी हसली. “असे होते ते.”

मी फाट्यापर्यंत चालत आलो. एस.टी. उभी होती. कंडक्टर दाराला धरून ओरडत होता, “चला, निघालो, निघालो.” इंजिन बंद होते. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता.

तिथे मला कळले. राठोडचे तोंड बाहेरच्या दिशेला होते. हातोडी त्याच्या हातात होती. तो परत गेला नव्हता. तो बाहेर आलाच नव्हता. ‘निघालो’ म्हणाला तेव्हा तो निघत होता. त्याच्या स्वतःच्या बोलीत त्याच्याजवळ त्या क्षणासाठी नेमका शब्द होता. तो ‘निघून राह्यलो’ म्हणाला असता, तर कॅप्टन साहेबांना मी ‘निकल रहा है’ असे सांगितले असते, आणि शिट्टी माझ्या ओठाशीच थांबली असती. तो शब्द मी त्याच्याकडून काढून घेतला होता, आणि त्या जागी माझा शुद्ध शब्द दिला होता. त्यात काय धोका आहे, हे त्याने मला हसत हसत आधीच सांगितले होते.

हे मी लगेच सांगायला हवे होते. तांडा फाट्यापासून वीस मिनिटांच्या चालीवर होता. मी एस.टी.त चढलो. नोकरी संपेपर्यंत गप्प राहिलो. निवृत्त झाल्यावर संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले, सविस्तर आणि वेळांसह. प्रकरण बंद झाले आहे, असे उत्तर आले. त्यांचेही बरोबर आहे. लॉगबुक त्यांच्याकडे आहे आणि अक्षर माझे आहे.

गेल्या वर्षी मी पुन्हा तांड्यावर गेलो. सुनीताचे केस पांढरे झाले आहेत. म्हातारी आई आहे, पण तिला आता दिसत नाही. मी उभ्यानेच सगळे सांगितले. बसा म्हणाल्या, पण मला बसवले नाही. सांगून झाल्यावर मी म्हणालो, “चूक त्याची नव्हती. माझी होती.”

 माझी चूक सुनीताला ऐकू आली की नाही, कोण जाणे. तिने विचारले, “म्हंजे ते वापस नव्हते गेले?”

“नाही.”

“निघूनच राह्यलते?”

“हो.”

ती आत वळली आणि मोठ्याने म्हणाली, “याडी, आयकलं का? ते वापस नव्हते गेले. ते घराकडंच निघून राह्यलते.”

 म्हातारीने हाताने चाचपून बाजेवर जागा केली आणि दोनदा थापटली. मी बसलो.

राळेगावच्या त्या नाल्यावर आता नवा स्लॅब आहे. आमचा पूल चार महिन्यांनी सुटा करून ट्रकवर चढवला. तिथे कोणाच्या नावाची पाटी नाही. तात्पुरत्या कामावर पाटी लावत नाहीत. एस.टी. त्या पुलावर आली की मी जागेवरून उठतो. शेजारचे लोक विचारतात, “उतरायचं हाय का, काका?” मी मान हलवतो आणि पूल संपला की बसतो.

लान्स नाईक विलास राठोड, राहणार तांडा, फुलसावंगीजवळ. वय एकोणतीस. लॉगबुकातली ती ओळ यापुढे अशी वाचावी, ही विनंती: १५४०. राठोड निघून राह्यला.

आता वाचकांना एकच विचारतो. घरच्यांना फोनवर ‘निघालो’ म्हणता, तेव्हा तुम्ही कुठे असता?